पॉटकेटचें मैदान



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत र्‍होड आयलंड हें विस्तारानें सर्वांत लहान संस्थान. त्यांत पॉटकेट नांवाचें सुमारें पाऊण लाख वस्तीचें एक जुनें गिरणगांव आहे. ब्लॅकस्टोन नदीचा धबधबा गांवांतूनच पडतो, आणि या धबधब्यामुळें गांवाला इतिहासांत स्थान मिळालें. १७८९ सालीं सॅम्युएल स्लेटर नांवाचा एकवीस वर्षांचा इंग्रज तरुण शेतमजूर असल्याची बतावणी करून जहाजावर चढला. सूत काढण्याचीं यंत्रें आणि तीं जाणणारे कारागीर यांना देशाबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, असा इंग्लंडांत त्या काळीं कायदा होता. स्लेटरनें यंत्राच्या नकाशाचा कपटाही बरोबर घेतला नाहीं. सारी रचना मनांत पक्की करून तो निघाला. १७९० सालीं पॉटकेटला पाण्याच्या जोरावर चात्या फिरूं लागल्या, आणि १७९३ सालीं उभारलेली त्याची गिरणी आजही नदीकांठीं उभी आहे. पाठांतराला नांवें ठेवणाऱ्या शिक्षणशास्त्र्यांनीं या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

परंतु आज मला बोलावयाचें आहे तें गिरणीविषयीं नव्हे, त्याच गांवच्या एका बेसबॉलच्या मैदानाविषयीं. हें मैदान भव्य नव्हतें, सुंदर तर मुळींच नव्हतें, आणि तेथें खेळणारा संघ अव्वल दर्जाचा नव्हता. तरी पाऊणशें वर्षांहून अधिक काळ तें गांवाच्या जीवनाचा भाग होऊन राहिलें. राजे आणि सेनापति यांच्या इतिहासाला वाचक मिळतो. सामान्य माणूस संध्याकाळीं कोठें जाऊन बसत होता, याचा इतिहास लिहावयाला कोणी बसत नाहीं. तो थोडासा सांगावा असा माझा विचार आहे.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं, म्हणून प्रथम दोन शब्द सांगतों. चौकोनाच्या चार कोंपऱ्यांवर चार ठाणीं मांडलेलीं असतात. एका ठाण्यापासून दुसरें नव्वद फुटांवर. चेंडू टप्पा न घेतां सरळ येतो. तो टोलवून फलंदाजानें एकामागून एक ठाणीं गांठीत मूळ ठिकाणीं परत यावयाचें, कीं एक धाव झाली. तीन गडी बाद झाले कीं संघाचा डाव संपतो, आणि असे नऊ डाव प्रत्येक संघानें खेळावयाचे. क्रिकेटसारख्या शेंकड्यांनीं धावा येथें होत नाहींत. चार-पांच धावांत सामन्याचा निकाल लागतो. एक गोष्ट मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. नऊ डाव होऊन धावा सारख्या राहिल्या, तर सामना बरोबरींत सोडून देत नाहींत. दहावा डाव, अकरावा डाव, बारावा डाव, असें निकाल लागेपर्यंत खेळत राहावयाचें.

या खेळाचे अमेरिकेंत दोन थर आहेत. वरच्या थरांत मोठ्या शहरांचे संघ. त्यांची संख्या आज तीस आहे. खालच्या थराला तिकडे मायनर लीग असें म्हणतात. आपण त्यांना दुय्यम मालिका म्हणूं. १९०१ सालीं वरच्या थरांतील दोन संस्थांत वैर पेटलें आणि गडी पळविण्याचा सपाटा सुरू झाला. त्याची झळ दुय्यम संघांना लागूं लागली, तेव्हां त्यांचे चालक ५ सप्टेंबर १९०१ रोजीं शिकागो येथील लेलंड हॉटेलांत जमले आणि त्यांनीं आपली एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. एकानें केलेला करार दुसऱ्यानें मोडूं नये, गडी न्यावयाचा तर मोल देऊन न्यावा, हें तिचें मुख्य सूत्र. या व्यवस्थेनें संघांचें रक्षण झालें, खेळाडूचें मात्र नव्हे. ज्या संघाशीं करार झाला त्याच्या मर्जीवांचून त्याला दुसरीकडे जातां येत नसे. गाय एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत जावी तसा तो जाई. दावें कोणाच्या हातीं एवढाच काय तो प्रश्न.

पुढें सेंट लुईस येथील अव्वल संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं याच्याही पुढचें पाऊल टाकलें. श्रीमंत संघांशीं चढाओढ करून तयार गडी विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हां लहान गांवांचे दुय्यम संघच ताब्यांत घ्यावे, त्यांत कोंवळीं पोरें भरतीस लावावीं, आणि त्यांतून जीं चांगलीं निघतील तीं वर आणावीं, अशी योजना त्यांनीं १९२० च्या सुमारास आंखली. तिला तिकडे शेतीची उपमा देतात, आणि ती बरोबर आहे: पेरणी पुष्कळ, मळणीला थोडें. हे रिकी मोठे धार्मिक गृहस्थ. आईला दिलेल्या वचनामुळें रविवारीं सामन्याला मैदानावर येत नसत. पण सोमवार ते शनिवार व्यवहाराला मोठे कठोर. त्यांच्या शेतांतील रोपें इतकीं वाढलीं कीं १९३८ सालीं बेसबॉलचे सर्वाधिकारी न्यायमूर्ति लँडिस यांना त्यांतील सत्तरांहून अधिक खेळाडूंना एका हुकुमानें करारमुक्त करावें लागलें. याच रिकींचें नांव पुढें एका निराळ्या व थोर कारणासाठीं घ्यावयाचें आहे. माणसाचा हिशेब एका वहींत मांडतां येत नाहीं तो असा.

दुय्यम मालिका म्हणजे वरच्यांचें अनुकरण असा समज असेल तर तो खरा नाहीं. रात्रीचा खेळ हीच गोष्ट घ्या. संघटित बेसबॉलचा दिव्यांच्या उजेडांतील पहिला अधिकृत सामना २८ एप्रिल १९३० रोजीं कॅन्सस संस्थानांतील इंडिपेंडन्स या लहानशा गांवीं झाला. अव्वल संघांच्या मैदानावर पहिले दिवे लागले ते सिनसिनाटी येथें, २४ मे १९३५ रोजीं, म्हणजे पांच वर्षांनीं. याचें कारण उघड आहे. मंदीचे दिवस, कारखान्यांत दिवसभर राबणारा माणूस दुपारीं तीन वाजतां मैदानावर कसा येणार? लहान गांवच्या चालकांना एक तर दिवे लावणें किंवा दाराला कुलूप लावणें भाग होतें. त्यांनीं दिवे लावले. मोठ्या शहरांतील जाणत्यांनीं नाकें मुरडलीं, आणि थोड्याच वर्षांत स्वतःही खांब उभारले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या मालिकांचा कळस झाला. १९४९ सालीं देशभर ५९ मालिका आणि चारशेंहून अधिक संघ खेळत होते, आणि वर्षांतील प्रेक्षकांची बेरीज जवळजवळ चार कोटींवर गेली होती. त्यानंतर जी उतरण लागली ती मात्र कड्यावरून पडल्यासारखी. दहा वर्षांत निम्म्याहून कितीतरी अधिक संघ बंद पडले. १९६३ सालीं प्रेक्षक एक कोटीच्या आसपास राहिले. मोटारी आल्या, गार हवेचीं यंत्रें आलीं, उन्हाळ्याच्या रात्रीं घराबाहेर बसण्याची गरज उरली नाहीं. परंतु मोठा घाव घातला तो नभोवाणीनें आणि तिच्यामागून आलेल्या दूरचित्रवाणीनें. बोस्टन-न्यूयॉर्कचा अव्वल सामना घरबसल्या ऐकावयास, पाहावयास मिळूं लागल्यावर गांवच्या मैदानावरील कोवळ्या पोरांचा खेळ कोणाला रुचणार? नभोवाणीवरूनच हें सांगण्याची पाळी माझ्यावर यावी, हा योग मोठा चमत्कारिक आहे. पण खोटें कसें सांगूं?

आतां पॉटकेटकडे वळूं. १९२० नंतर येथील गिरण्या एकामागून एक दक्षिणेकडे जाऊं लागल्या होत्या. तिकडे मजुरी स्वस्त. त्यावर १९२९ ची मंदी. अशा वेळीं टॉमस मॅकॉय नांवाचे एक गृहस्थ गांवचे नगराध्यक्ष झाले. गांवचें राजकारण त्यांच्या मुठींत होतें असें इतिहासकार लिहितात, आणि तें लिहितांना त्यांचा सूर फारसा आदराचा नसतो. बेकारांना काम देण्यासाठीं प्रेसिडेंट रूझवेल्ट यांच्या सरकारनें जी मोठी योजना काढली होती, तिच्या पैशांतून मॅकॉय यांनीं मैदान बांधावयास घेतलें. जागा निवडली ती हॅमंड तळ्याची दलदल. १९३८ सालीं काम सुरू झालें. माती ओतावी ती गिळली जावी. यंत्रें चिखलांत गडप झालीं आणि अजूनही तेथेंच खालीं आहेत, अशा आख्यायिका गांवांत प्रचलित आहेत. खर्च दहा लाख डॉलरांच्या पुढें गेला आणि लोक या कामाला ‘मॅकॉयचा मूर्खपणा’ म्हणूं लागले. १९४२ सालच्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, तेथें पहिला सामना झाला. मॅकॉय १९४५ सालीं वारले. पुढच्या वर्षीं मैदानाला त्यांचेंच नांव दिलें गेलें.

त्या १९४६ सालीं तेथें खेळणाऱ्या संघाचें नांव ‘स्लेटर्स’ असें होतें, म्हणजे सूत आणि चेंडू एकत्र आलेच. हा संघ न्यू इंग्लंड लीग नांवाच्या मालिकेंत खेळे. याच मालिकेंत शेजारच्या न्यू हॅम्पशायर संस्थानांतील नॅशुआ या दुसऱ्या गिरणगांवचा संघ होता, आणि त्या संघांत रॉय कॅम्पानेला व डॉन न्यूकम हे दोन कृष्णवर्णी तरुण होते. साठ वर्षें संघटित बेसबॉलचें दार काळ्या माणसाला बंद होतें. कोठें लेखी नियम नव्हता. नियमाची गरजच नव्हती. तें दार उघडलें ब्रँच रिकी यांनीं, आणि तेंही दुय्यम मालिकांतून. जॅकी रॉबिन्सन याला त्यांनीं मॉन्ट्रियलच्या संघांत घेतलें. फ्लॉरिडांतील सॅनफर्ड गांवाला त्याचें वास्तव्य सहन झालें नाहीं; डेटोना बीच या गांवानें मात्र आपल्या लहानशा मैदानावर १७ मार्च १९४६ रोजीं त्याला खेळूं दिलें. १८ एप्रिलला जर्सी सिटींत मालिकेचा पहिला सामना झाला. त्यांत त्यानें पांच पाळ्यांत चार यशस्वी फटके मारले आणि त्याच्या संघानें १४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. इतिहासाचीं पुस्तकें रॉबिन्सन अव्वल संघांत आला त्या १९४७ सालापासून सुरुवात करतात. पण त्याच्या आधीं एक पूर्ण वर्ष डेटोना, नॅशुआ अशा गांवांच्या लांकडी बांकांवर बसलेल्या गिरणीवाल्यांनीं, दुकानदारांनीं आणि त्यांच्या पोरांनीं ही गोष्ट पाहिली होती, आणि आकाश कोसळलें नव्हतें. कॅम्पानेला पुढें तीन वेळां आपल्या मालिकेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

न्यू इंग्लंड लीग १९४९ सालीं बंद पडली. पुढचीं वीस वर्षें मॅकॉय मैदान बहुतेक ओसाडच होतें. १९७० सालीं बोस्टनच्या रेड सॉक्स संघानें आपला दुय्यम संघ तेथें आणला आणि १९७३ पासून तो दुय्यमांतल्या सर्वांत वरच्या पायरीवरचा संघ झाला. तरी पैसा होईना. मालक बदलले, संघाचें नांव बदलून पाहिलें, शेवटीं दिवाळें निघालें. १९७७ सालीं बेन मॉन्डर या गृहस्थांनीं संघ घेतला. हे जन्मानें क्वेबेककडचे. बुडालेल्या कापडगिरण्या विकत घेऊन त्या मार्गीं लावण्याचा त्यांचा धंदा होता. बेसबॉलचें ज्ञान बेताचेंच. पण बुडत्या धंद्याचें निदान त्यांना करतां येत असे. मैदान अस्वच्छ, लोक दारुडे, भाषा अशी कीं बायकामुलांना घेऊन कोणी यावें कसें? त्यांनीं आधीं झाडलोट केली, शिवराळ मंडळींना बाहेर काढलें, आणि तिकिटाचा दर गिरणी-कामगाराच्या खिशाला पेलेल इतकाच ठेवला. पहिल्या वर्षीं सुमारें सत्तर हजार प्रेक्षक आले. २००५ सालीं हीच संख्या सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर गेली. मॉन्डर २०१० सालीं वारले.

माझी कन्या त्या बाजूला राहत असल्यामुळें २०१३ सालच्या उन्हाळ्यांत या मैदानावर एक सामना पाहण्याचा योग मला आला. राखी रंगाची सिमेंटची इमारत, एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखी. वर जाण्याच्या उतरणीवर भिंतींना येथें खेळून पुढें नांव मिळविलेल्या खेळाडूंचीं मोठमोठीं चित्रें लावलेलीं. खेळाडूंची बसण्याची जागा इतर मैदानांवर प्रेक्षकांच्या पुढें, जमिनींत थोडी खणलेली असते. येथें दलदलीमुळें खणणें जमलें नसावें, ती प्रेक्षकांच्या पायांखालीं जमिनीच्या पातळीवरच होती. त्यामुळें खेळाडूची स्वाक्षरी घ्यावी कशी? पोरांनीं युक्ति काढली. दुधाची प्लास्टिकची बुधली अर्धी कापावयाची, तींत चेंडू आणि लेखणी ठेवावयाची, आणि दोरीनें ती कठड्यावरून खालीं सोडावयाची. खालचा खेळाडू सही करून दोरी हालवितो, पोरगा मासा लागल्यासारखी ती वर ओढतो. तिकडे याला मासेमारीच म्हणतात. कठड्यावर दहा-पंधरा दोऱ्या लोंबत होत्या आणि पोरांची दृष्टि खेळाकडे मुळींच नव्हती.

माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ मांडीवर पुठ्ठा घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. या नोंदीची तिकडे एक लिपीच आहे. फलंदाज तीन वेळां चुकून बाद झाला तर रोमन ‘के’ हें अक्षर लिहितात. आणि शेवटच्या चेंडूला बॅट न लावतां नुसता पाहत उभा राहून बाद झाला, तर तेंच अक्षर उलटें काढतात. चाळीस वर्षें वह्या तपासलेल्या मला ही पद्धत फार आवडली. न लिहितां सोडलेलें उत्तर आणि चुकलेलें उत्तर यांत भेद केलाच पाहिजे. सातव्या डावाच्या मध्यंतरांत सारे लोक उठून उभे राहिले, एक जुनें गाणें म्हणाले, आणि खालीं बसले. सामना संपल्यावर मुलांना मैदानांत सोडलें. तीं ठाण्यांभोंवतीं धांवत सुटलीं. कोण जिंकलें हें माझ्या नातवाला दुसऱ्या दिवशीं सांगतां आलें नाहीं.

खेळणाऱ्यांचें मन मात्र इतकें हलकें नसतें. या पायरीवर दोन प्रकारचे लोक भेटतात: वर चाललेले आणि खालीं आलेले. एक तेवीस वर्षांचा, ज्याला उद्यां बोस्टनहून बोलावणें येईल. दुसरा बत्तिसाव्या वर्षीं वरून उतरविलेला, ज्याला आपण आतां परत चढणार नाहीं हें कळतें पण वळत नाहीं. दोघे एकाच बांकावर बसतात. पगार तर फारच तुटपुंजा. संघाच्या मालकांना लाखो डॉलर मिळवून देणारीं हीं मुलें उन्हाळाभर खोलींत दाटीवाटीनें राहत आणि हिंवाळ्यांत दुसरी नोकरी करीत. हा अन्याय शंभर वर्षें चालला. २०१४ सालीं कांहीं खेळाडूंनीं न्यायालयांत दाद मागितली, २०२२ सालीं साडेअठरा कोटी डॉलरांची तडजोड झाली, त्याच वर्षीं त्यांची संघटना मान्य झाली, आणि २०२३ च्या करारानें वरच्या पायरीवरील खेळाडूला वर्षाला किमान ३५,८०० डॉलर मिळूं लागले. आपल्याकडील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण २००८ सालीं पिट्सबर्गच्या संघानें घेतले होते, तेही याच शिडीच्या अगदीं खालच्या पायरीवर.

आतां या मैदानाचें नांव जगभर ज्या सामन्यामुळें झालें त्याकडे येतों. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदला शनिवार. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर. दिव्यांत कांहीं बिघाड होऊन सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक होते १,७४०. थंडी कडाक्याची, आणि वारा समोरून असा कीं टोलवलेला चेंडू मैदानांतच परत यावा. सातव्या डावांत रॉचेस्टरनें एक धाव केली; नवव्या डावांत पॉटकेटनें ती फेडली. एकास एक. दहावा डाव झाला, पंधरावा झाला, विसावा झाला. एकविसाव्या डावांत रॉचेस्टरनें आणखी एक धाव केली. लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण त्याच डावांत पॉटकेटच्या वेड बॉग्ज यानें फटका मारून पुन्हा बरोबरी साधली. स्वतःच्या संघांतील गड्यांनींही त्या क्षणीं त्याला मनांतल्या मनांत शिव्या दिल्या असल्यास नवल नाहीं.

रात्रीं बारा वाजून पन्नास मिनिटांनंतर नवा डाव सुरू करूं नये असा या मालिकेचा नियम होता. पण त्या वर्षीं पंचांना दिलेल्या नियमपुस्तिकेंत तो छापावयाचाच राहून गेला होता. पंच शिस्तीचे, पुस्तकांत नाहीं तें कसें मानावें? मालिकेच्या अध्यक्षांना दूरध्वनि करण्याची खटपट सुरू झाली. ते लागतात कशाला? खेळाडूंनीं मोडक्या बॅटी आणि बांकांच्या फळ्या पिंपांत घालून शेकोट्या पेटविल्या. पॉटकेटच्या लुइस अपोंटे या गोलंदाजाला त्याचें काम संपल्यावर घरीं जाऊं दिलें. पहांटे घरीं पोंचल्यावर पत्नीनें विचारलें, इतका वेळ कोठें होतां? ‘बेसबॉल खेळत होतों,’ हें उत्तर तिला पटलें नाहीं, असें सांगतात. कोणत्या पत्नीला पटेल? रॉचेस्टरचा डेव्ह हपर्ट हा यष्टीमागें, म्हणजे तिकडच्या भाषेंत कॅचर म्हणून, एकतीस डाव वांकून बसला. डॅलस विल्यम्स या त्याच्या सोबत्याला तेरा वेळां फलंदाजीची पाळी आली आणि तेरा वेळां तो रिकाम्या हातानें परतला.

अखेर अध्यक्ष सांपडले. चालू डाव संपतांच थांबवा, असा त्यांनीं हुकूम दिला. बत्तिसावा डाव संपला तेव्हां पहांटेचे चार वाजून सात मिनिटें झालीं होतीं. धावा दोनास दोन. ईस्टरचा रविवार उजाडावयाच्या बेतांत होता, आणि बांकांवर एकोणीस प्रेक्षक उरले होते. संघानें त्यांना पुढें मोफत येण्याचे परवाने दिले.

हे एकोणीस लोक कां थांबले असतील? कांहीं लेखक त्यांना निष्ठेचे पुतळे करून ठेवतात. मला तसें वाटत नाहीं. जो माणूस दहाव्या डावाला उठला नाहीं, त्याला पंधराव्याला उठणें जड जातें, आणि पंचविसाव्याला तर उठणें म्हणजे आतांपर्यंतचें सारें बसणें फुकट घालविणें. हरिकीर्तनाला उत्तररात्रीपर्यंत बसलेल्यांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. शिवाय इतक्या थोड्या लोकांत प्रत्येकाचा चेहरा खेळाडूंना दिसत होता. साठ हजारांच्या मैदानांतून एक माणूस उठला तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं. एकोणिसांतून एक उठला तर अठराच राहतात.

उरलेला खेळ २३ जूनला झाला. दरम्यान १२ जूनपासून अव्वल संघांच्या खेळाडूंनीं संप पुकारला होता. देशभरच्या वृत्तपत्रांच्या क्रीडा-वार्ताहरांना काम नव्हतें. ते सगळे पॉटकेटला लोटले. प्रेक्षक ५,७४६. आणि खेळ किती चालला? अवघीं अठरा मिनिटें. तेहतिसाव्या डावांत पॉटकेटच्या डेव्ह कोझा यानें फटका मारला, मार्टी बॅरेट धाव पुरी करून आला, आणि तीनास दोन असा सामना संपला. एकूण खेळ आठ तास पंचवीस मिनिटें. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत लांब सामना. तो उच्चांक आतां मोडण्याचा संभव फारसा नाहीं; कारण २०१८ पासून दुय्यम मालिकांत जादा डाव सुरू होतांना एक गडी आयताच दुसऱ्या ठाण्यावर उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. सोय झाली खरी.

त्या सामन्यांत रॉचेस्टरकडून तेहतीस डाव खेळलेला कॅल रिपकेन पुढें अव्वल संघांत ओळीनें २,६३२ सामने, एकही न चुकवितां, खेळला. बॉग्ज आणि रिपकेन या दोघांनाही कूपर्सटाउनच्या सन्मानमंदिरांत स्थान मिळालें. सामना जिंकून देणारा कोझा मात्र अव्वल संघांत एक दिवसही खेळला नाहीं.

शेवटची हकीकत थोडक्यांत सांगतों. २०१५ सालीं संघ नव्या मालकांकडे गेला. त्यांना नवें मैदान हवें होतें, आणि त्याचा बराच भार सरकारनें उचलावा अशी अपेक्षा होती. प्रथम शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरांत बांधण्याचें ठरलें, तें फिसकटलें. मग पॉटकेटमध्येंच, स्लेटरच्या गिरणीजवळ बांधण्याचा बेत झाला. कायदेमंडळांत वर्ष-दोन वर्षें घोळ चालला. कर्जाची हमी कोणी द्यावी यावर गाडें अडलें. ऑगस्ट २०१८ मध्यें मालकांनीं मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहराशीं करार केला. खासगी संघासाठीं सार्वजनिक तिजोरी रिकामी करूं नये असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें मला चुकीचें वाटत नाहीं. वुस्टरच्या मैदानाचा खर्च पुढें पंधरा कोटी डॉलरांवर गेला, हें पाहतां तर नाहींच. पण पन्नास वर्षें ज्या गांवानें संघाला पोसलें, त्या गांवाच्या हातांत त्याला थांबविण्याचें कोणतेंच साधन असूं नये, हेंही मनाला पटत नाहीं. १९०१ च्या त्या हॉटेलांतील बैठकींत संघाचें मोल ठरलें, खेळाडूचें ठरलें. गांवाचें ठरविण्याचें राहून गेलें तें राहूनच गेलें.

२०२० हें पॉटकेटमधील अखेरचें वर्ष ठरलेलें होतें. निरोपाचे समारंभ योजले होते. तों महामारी आली आणि त्या वर्षीं दुय्यम मालिकांचा एकही सामना झाला नाहीं. तेव्हां चालकांनीं निराळाच मार्ग काढला. हिरवळीवर एकमेकांपासून दूर दूर मेजें मांडलीं आणि कुटुंबांना तेथें जेवावयास बोलाविलें. ज्या जागेवर पाऊल टाकावयास आजवर मज्जाव होता तेथें लोक आईबापांना, नातवंडांना घेऊन बसले, जेवले आणि घरीं गेले. त्याच हिंवाळ्यांत अव्वल संघांनीं १९०१ ची ती संघटना मोडीत काढून दुय्यम संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, आणि चाळीस गांवांचा अव्वल संघांशीं असलेला संबंध तुटला. वुस्टरचें मैदान मे २०२१ मध्यें उघडलें.

मॅकॉय मैदान चार-पांच वर्षें कुलपांत होतें. २०२२ सालीं गांवच्या मतदारांनीं त्या जागीं नवें हायस्कूल बांधण्यासाठीं कर्ज काढण्यास संमति दिली, आणि २०२५ सालीं मैदान पाडण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षीं नदीकांठीं फुटबॉलचें एक नवें मैदान उघडलें; तेथेंही गर्दी होते असें ऐकतों. जुन्या जागीं शाळा होणार म्हटल्यावर माझ्यासारख्यानें कुरकूर करण्याचें कारण नाहीं. फक्त पाया घेतांना त्यांनीं दलदलीची चौकशी नीट केली असेल, एवढी आशा करतों.